महाराज, कर्जाचंही बोला

काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी गेल्या वर्षी सप्ताह बसला होता. पाचव्या रात्री महाराजांनी कीर्तनात तुकोबांची गोष्ट लावली. घरात पिढीजात सावकारी असलेला माणूस दुष्काळाने हादरतो आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून देतो. परंपरेने चालत आलेली ही गोष्ट सगळ्यांनाच पाठ असते. पण महाराज तिथे थांबले नाहीत. टाळकऱ्यांना हाताने थांबवून त्यांनी विचारलं, "या मंडपात शेकडा पाचाने पैसे घेतलेले किती आहेत?"

कोणी हात वर केला नाही. मागच्या बाजूने आवाज आला, "महाराज, परमार्थ सांगा. व्याजाबट्ट्याचं सरकार पाहून घेईन." काही माणसं हसली, काहींनी माना खाली घातल्या. महाराज क्षणभर घुटमळले आणि पुढच्या अभंगाकडे वळले.

कीर्तन आटोपल्यावर समितीची चार माणसं माझ्याकडे आली. मी या गावचाच. सदतीस वर्षं बँकेत कृषी कर्जाचं काम केलं, २०२२ साली निवृत्त झालो आणि आता नागपुरात मानेवाड्याला राहतो. "साहेब, तुम्ही बँकेतले. महाराजांनी हे असं बोलावं का?" बोलावं, एवढंच मी त्या रात्री म्हणालो. का बोलावं आणि कसं बोलावं, ते धड सांगता आलं नाही. तेच आज लिहितो आहे.

१. ज्याच्या नावाने गाठ बसली, ती त्याच्याच हाताने सुटते

माझे वडील १९७४ साली गेले. मी बारा वर्षांचा होतो. कोरडवाहू साडेतीन एकर, एक बैलजोडी आणि आम्ही तीन भावंडं. तेरवीला गावजेवण झालं पाहिजे असं भावकीने ठरवलं. आईने सावकाराकडून आठशे रुपये घेतले, महिना शेकडा तीन या दराने. म्हणजे महिन्याला चोवीस रुपये नुसतं व्याज. निंदणाची मजुरी तेव्हा आईला दिवसाला दोन रुपये मिळे. महिन्यातले बारा दिवस ती दुसऱ्याच्या शेतात वाकायची ती फक्त व्याजासाठी. चार वर्षांनी एक बैल विकला तेव्हा ते कर्ज फिटलं. तेरवीत बुंदी होती, हे मला आठवतं. मी दोनदा मागून घेतली होती.

बँकेत लागलो तेव्हा वाटायचं, लोकांना आकडा कळत नाही म्हणून ते बुडतात. आकडा सांगितला की शहाणे होतील. हा माझा समज मोडायला अकरा वर्षं लागली.

१९९६ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. मृगाच्या आधी एका शेतकऱ्याला चौदा हजारांचं पीककर्ज दिलं. पंधरा दिवसांनी पाहणीला गेलो तर शेत तसंच पडलेलं, बियाणं नाही, खत नाही. आई वारली होती, नऊ हजार तेरवीला गेले होते. मी त्याला ओसरीवर बसवलं, कागद काढला, व्याज मांडून दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, हिशोब मले बी समजते. तेरवी नाही केली तं माय भटकते म्हनतात. तुमी लिहून देता का, का नाही भटकत म्हनून?"

मी काय लिहून देणार? माझ्याकडे शिक्का बँकेचा होता.

दोन वर्षांनी त्याच गावात एक म्हातारी वारली. घर तसंच, ऐपत तशीच. त्या वेळी पंचक्रोशीतले एक वयस्क गुरुदेव सेवक, म्हणजे तुकडोजी महाराजांचे अनुयायी, तिथे आले. डोक्यावर भगवी टोपी, हातात खंजिरी. ते भावकीसमोर बसले आणि म्हणाले की तेराव्या दिवशी सगळ्यांनी मिळून सामुदायिक प्रार्थना करू, घरच्यांनी एक झाड लावावं, म्हातारीचं सगळं सुखरूप होईल, याची जबाबदारी माझी. भावकी तयार झाली. एक पैशाचं कर्ज निघालं नाही. त्या खरिपाला त्या घरची पऱ्हाटी वेळेवर पेरली गेली.

मी दाखवलेला हिशेब आणि त्या सेवकाने दिलेला शब्द, दोन्ही खरे होते. पण त्या घराला अडवणारी भीती धर्माच्या नावाची होती आणि ती उतरवण्याचा अधिकार धर्माच्याच माणसाकडे होता. म्हणून 'धर्माच्या माणसाने पैशाचं बोलू नये' हे मला पटत नाही. गरिबाच्या घरात धर्माचा खर्च आणि पोटाचा खर्च एकाच डब्यातून निघतो.

२. ज्याने सावकार पाहिला आहे, तो नेमकं बोलतो

आपल्या विदर्भाला हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. गाडगेबाबा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६. बाप लवकर गेला आणि पोर मामाच्या घरी वाढलं. ढोरं राखली, नांगर धरला. मामाची शेती सावकाराने गिळली, तो धक्का मामाला सोसला नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या डेबूजीने गहाणाचा कागद माणसाला कसा खातो ते घरातच पाहिलं होतं. १९०५ साली घर सोडलं, हातात खराटा आणि फुटकं मडकं घेतलं आणि पुढची पन्नास वर्षं गावोगाव जे सांगितलं त्यात कर्ज कधी सुटलं नाही. सण करायला, लग्न करायला, नवस फेडायला ऋण काढू नका. दारू सोडा. ताट नसेल तर भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला.

त्यांची रीत पाहा. ते कीर्तनात प्रश्न विचारत. लोक उत्तर देत, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. बोली वऱ्हाडी, शब्द रोजचे. १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आवाज थकलेला, पण प्रश्न विचारायची धार तीच. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, ते गेले.

मी बँकेत कर्जमेळाव्यांत भाषणं केली आहेत. समोरचे लोक माना डोलवत आणि मनात दुसरंच काही चाललेलं असे. बाबांची रीत कळल्यावर मीही सांगणं सोडून विचारू लागलो. "मागच्या लग्नात मंडपाला किती गेले? जेवणाला किती? त्यातले घरचे किती, उसने किती?" माणूस स्वतःच्या तोंडाने बेरीज करतो तेव्हा ती त्याची होते.

तुकडोजी महाराजांनी हेच काम ग्रंथात बांधलं. यावलीत १९०९ साली जन्मलेला हा माणूस १९४२ च्या चळवळीत पकडला गेला, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहिला. १९५५ च्या सुमाराची त्यांची ग्रामगीता एकेचाळीस अध्यायांची. अध्यात्माचा ग्रंथ म्हणून ती उघडावी तर आत गावाची सफाई, गोवंश, श्रम, ग्रामोद्योग, गरिबी आणि श्रीमंती, लग्नातला डामडौल, अंत्यसंस्कार, यात्रा, सगळा संसार मांडलेला. नागपूर विद्यापीठाला २००५ पासून त्यांचं नाव आहे. ज्या नागपूरने आपल्या विद्यापीठाला हे नाव दिलं, त्याच नागपूर जिल्ह्यातल्या मंडपात 'महाराज, व्याजाचं बोलू नका' म्हणायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं.

३. एका शपथेने घरखर्चाची वही बदलते

नागपूरच्या शाखेत माझा एक सहकारी होता, इंदोऱ्याचा. त्याचे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार. एकदा त्याने आजोबांची खर्चाची वही आणली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, शाई तपकिरी झालेली. १९५५ च्या पानावर पितृपक्षाचा खर्च होता. तांदूळ, डाळ, गूळ, दक्षिणा आणि खाली 'उसने' म्हणून एक रक्कम. १९५७ च्या पानावर ती नोंदच नव्हती. त्या जागी मुलाची फी, पाटी आणि दोन पुस्तकं.

या दोन पानांच्या मधे १४ ऑक्टोबर १९५६ आहे. त्या दिवशी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यातली एक. दारू पिणार नाही, ही आणखी एक. त्या दिवसाकडे आपण स्वाभिमानाचा दिवस म्हणून पाहतो आणि तो तसा आहेच. मी मात्र बँकेचा माणूस, मला त्यात घराघरांतलं एक मोठं गळकं छिद्र बुजलेलं दिसतं. प्रतिज्ञा देणारा माणूस अर्थशास्त्रज्ञ होता, रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली ग्रंथ लिहिलेला. १९३७ साली खोती नष्ट करण्यासाठी विधेयक आणणाराही तोच. लोकांना धम्म देताना त्याने त्यांच्या खिशाकडे पाठ केली नाही. महिनाभराने, २० नोव्हेंबरला, काठमांडूत ते बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलले. विषय दुःखाचा होता आणि पिळवणुकीचाही.

बुद्धाच्या उपदेशातच ही वाट आहे. दीघनिकायातल्या कूटदंत सुत्तात एका राजाची गोष्ट येते. राज्यात चोर माजलेत. पुरोहित राजाला सांगतो की फाशी देऊन आणि कैद करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी आणि चारा दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला रोजी दे, मग लोक आपापल्या कामाला लागतील. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा पीककर्जाचा सल्ला एका धर्मगुरूच्या तोंडी आहे.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांच्या दुकानांसमोर, खांद्यावर वळकटी टाकलेली, लांबच्या गावांहून आलेली माणसं उभी असतात. एका हाताने पैसे मोजतात, दुसऱ्या हाताने पुस्तक धरतात. दरवर्षी मी थोडा वेळ तिथे उभा राहतो.

४. गरिबाला काटकसर सांगणं सोपं, सावकाराला सांगणं अवघड

इथे मला धर्माच्या लोकांविषयी थोडं कडक बोलायचं आहे, कारण निम्मं काम करून थांबणारे फार पाहिले. लग्न साधं करा, दारू सोडा, बचत करा. सगळं खरं. पण हे सगळं समोर खाली बसलेल्यांना सांगायचं आणि पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्याला हार घालायचा, हे मी तीन जिल्ह्यांत पाहिलं.

एका गावात सप्ताहाचा सगळा मंडप एकाच माणसाने दिला होता. तो महिना शेकडा पाचाने पैसे देई. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. बँकेचं पीककर्ज तेव्हा त्याच्या पाचव्या हिश्श्याहून महाग नव्हतं. शिवाय तो गहाणखत लिहून घेत नसे. थेट शेताचं खरेदीखत करून घेई आणि 'पैसे दिले की पलटवून देतो' असा तोंडी शब्द देई. पैसे आणून दिले की म्हणे, आणखी थोडं व्याज राहिलं. त्या गावात माझ्या चार खातेदारांचे सातबारे अशा रीतीने त्याच्या नावावर गेले होते. त्या सप्ताहात सात दिवस दानाचा महिमा सांगितला गेला. खरेदीखताचा शब्द निघाला नाही.

महाराजांना याविरुद्ध काही करता आलं असतं का? आलं असतं आणि त्यासाठी मोर्चा काढायची गरज नव्हती. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारीचा नवा कायदा आला. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशी होते आणि ती सावकारी ठरली तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळू शकते. हे चार वाक्यांत सांगता येतं. पण माझ्या खातेदारांपैकी हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी एकट्याने अर्ज करायची छाती नव्हती. सप्ताहाला जमलेल्या हजार माणसांसमोर एखाद्या महाराजांनी हे एकदा सांगितलं असतं, तर अर्ज करणारा एकटा पडला नसता.

सावकारालाही सांगावं लागतं, आणि ते प्रेमाने सांगता येतं. विनोबा पवनारहून पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली, तेव्हा त्यांनी सभेतल्या जमीनदारांकडे पाहून विचारलं. एकाने उठून शंभर एकर दिले. भूदानात पुढे काय उणं राहिलं, किती जमीन नापीक निघाली, किती कागदावरच राहिली, यावर वाद घालता येतो आणि घालावा. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. विनोबांनी देवाचं नाव घेऊन ज्याच्याकडे होतं त्याच्याकडे मागितलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या मजुरीवर आणि त्यांच्या संघटना करण्याच्या हक्कावर पत्रक काढलं, तेव्हा युरोपातल्या गिरणीमालकांना ते बोचलं. एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरीब शेतमजुरांवरच्या अत्याचाराबद्दल रविवारच्या प्रवचनात बोलत राहिले. २४ मार्च १९८० ला त्यांना पूजाविधी चालू असताना गोळी घातली. आपल्या गावातल्या महाराजांना गोळीची भीती नाही. पुढच्या वर्षी मंडप कोण देईल, एवढीच काळजी आहे. ती काळजी खरी आहे, मी तिला हलकी मानत नाही. पण वर्गणी शंभर घरांतून आली की ती उरत नाही. एका माणसाचा मंडप घेऊ नका, एवढं समितीने पाळलं तरी महाराजांची जीभ मोकळी होते.

५. माहीत नसेल तर बोलू नका

मागून ओरडणाऱ्या त्या माणसाच्या म्हणण्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. २००८ ची केंद्राची कर्जमाफी यायच्या आधीच्या वर्षी एक बुवा गावोगाव सांगत फिरत होते, कर्ज भरू नका, माफी येणार आहे, मला वरून कळलं आहे. लोकांनी भरलं नाही. माफी आली, पण पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना. आमच्याकडची कोरडवाहू शेती, पाच एकरांवर थोडी जास्त असणारे कितीतरी. त्यांना आधी आपला हिस्सा भरा, मग सवलत मिळेल, असा नियम लागला. भरायला हातात काही नव्हतं. खातं थकीत, नवं-जुनं होईना, मग पेरणीला पुन्हा सावकार. बुवांचा शब्द त्या घरांना एका हंगामाएवढा महाग पडला.

२००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याचे नियम समजून घ्यायला माझ्यासारख्याला महिना लागला होता. महाराजांनी पॅकेज, हमीभाव, आयात-निर्यात यांवर निकाल देऊ नये. ज्याला कळतं त्याला मंडपात बोलवावं आणि दहा मिनिटं द्यावीत. एवढा मोठेपणा हवा.

आणि मत कोणाला द्यायचं, हे तर मुळीच सांगू नये. ते सांगितलं की आधी सांगितलेलं सगळं पुसलं जातं.

६. आधी आपला हिशेब फळ्यावर लिहा

गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या, लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. त्यातलं स्वतःच्या कुटुंबाला काही लागू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हणूनच 'कर्ज काढू नका' म्हणताना त्यांच्या आवाजात जोर होता.

मोमीनपुऱ्याजवळच्या शाखेत शेवटची काही वर्षं काढली. तिथले एक छोटे दुकानदार चाचा दर रमजानमध्ये येत आणि काउंटरवर टेकून म्हणत, "साहेब, आजचा बॅलन्स सांगा, जकात काढायची आहे." वर्षभर जवळ राहिलेल्या, ठरलेल्या मर्यादेवरच्या संपत्तीचा अडीच टक्के. घरातलं सोनं, दुकानातला माल, बँकेतले पैसे, सगळं ते एका चिठ्ठीवर मांडत. त्यांना हे गणित त्यांच्या धर्माने दिलं होतं, कोणत्या बँकेने नाही. दान मोजून करायचं असतं, हे मी त्या चाचांकडून शिकलो.

आमच्या मानेवाड्याच्या उत्सव समितीत मग मी एकच आग्रह धरला. शेवटच्या दिवशी जमा आणि खर्च फळ्यावर. पहिल्या वर्षी तो लिहिला तेव्हा दिसलं की मंडप आणि ध्वनियंत्रणा यांना निम्म्याहून जास्त पैसे गेले. पुढच्या वर्षी भोंगे कमी केले. वाचलेल्या पैशातून वस्तीतल्या सहा मुलींची परीक्षा फी भरली. कोणी भाषण केलं नाही, फळाच बोलला.

७. हरिपाठाला बसलेल्या बायांच्या पिशवीत हप्त्याचं कार्ड असतं

सप्ताहाच्या मंडपात दुपारी बसतं कोण? बाया. आणि आज वस्त्यांमध्ये कर्ज घेतं कोण? त्याच. दहा जणींचा गट, दर आठवड्याला कोणाच्या तरी अंगणात बैठक, एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. शेजारणीच्या तोंडाला घाबरून माणूस जेवढा हप्ता भरतो तेवढा नोटिशीला घाबरून भरत नाही. एक हप्ता भरायला दुसऱ्या गटातून पैसे घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. एकीच्या पिशवीत चार कार्डं होती, रबर लावून ठेवलेली. शिवणयंत्रासाठी एक, नवऱ्याच्या दवाखान्याला एक, एक जुनं फेडायला, आणि चौथं महालक्ष्म्यांना.

विदर्भात महालक्ष्म्या म्हणजे घरातला मोठा सण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी, नव्या साड्या. ही बाई धुणीभांडी करते. मी तिला विचारलं, एवढं का? ती म्हणाली, "घरी बसवल्या आहेत काकाजी, कमी करू तं कसं करू?" यवतमाळच्या त्या शेतकऱ्याचा प्रश्नच पुन्हा माझ्यासमोर आला होता.

गेल्या वर्षी भाद्रपदाच्या आधी आमच्या वस्तीत एक कीर्तनकार ताई आल्या होत्या. त्यांना मी हे सांगून ठेवलं. त्यांनी हरिपाठानंतर बायांना सांगितलं की ज्या घरात हप्ता थकला आहे, त्या घरी लक्ष्मी आंबिलीच्या वाटीवर येते, सोळा भाज्यांसाठी ती अडून बसत नाही. कर्जाचं पुरण तिला चालत नाही, हे मी शास्त्राला स्मरून सांगते. समोरच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्या सणाला चार कार्डांच्या त्या घरी आंबील, एक भाजी आणि पोळी झाली. पाचवं कार्ड निघालं नाही. मी जेवायला होतो.

बचत गट, बँक, तहसील सगळे आपापलं काम करोत. पण हे एक वाक्य त्यांपैकी कोणालाच म्हणता येत नाही.

गावच्या त्या सप्ताहाचं राहिलं. सहाव्या दिवशी सकाळी मी महाराजांना मुक्कामाच्या घरी भेटलो. सावकारीच्या कायद्यातली पंधरा वर्षांची अट, अर्ज कोणाकडे करायचा आणि सोबत कोणते कागद लागतात, एवढं एका पानावर लिहून नेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे हे मी सांगितलं तर चुकीचं नाही ना?" त्यांनी विचारलं. नाही, मी म्हणालो, आणि काही विचारलं कोणी तर माझ्याकडे पाठवा. काल्याच्या कीर्तनात, दहीहंडी फोडायच्या आधी, त्यांनी ते पान जसंच्या तसं वाचलं. मागून कोणी ओरडलं नाही.

महाप्रसाद चालू असताना मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. पाच माणसं आली. त्यातल्या दोघांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून खरेदीखताची नक्कल आणली होती.